अकरा नंबर, चौदा नंबर

५ जानेवारी, रविवार

औषध कंपनीचा माणूस दरवर्षी डायऱ्या वाटतो. डॉक्टरांना चामड्याची, सिस्टरांना रेक्झिनची. मी त्या कपाटात टाकते आणि दिवाळीला रद्दीत देते. आज सुट्टी होती. कपडे धुऊन झाले, फरशी पुसून झाली, घड्याळात पाहिलं तर अजून अकराच वाजले होते. पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून लिहायला बसले. यात रडगाणं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

काल दुपारी दोन वाजता वॉर्डातून निघाले. तेव्हापासून माझ्याशी एकच माणूस बोललं, दूधवाला. तो म्हणाला, "पिशवी गळतेय, दुसरी घ्या." घरमालकांनी जिन्यात पाटी लावली आहे: 'जिन्यात बोलू नये. बोलावयाचे असल्यास जिना उतरून बोलावे.' वरच्या मजल्यावरच्या स्पर्धा परीक्षावाल्या मुली त्या पाटीवर चिडतात. मला तिचा काही त्रास नाही.

हॉस्पिटल ट्रस्टचं आहे, जुनं आहे, आणि खोलीपासून चालत सात मिनिटांवर आहे. सदाशिव पेठेत राहण्याचा तेवढाच फायदा. बायकांच्या मेडिकल वॉर्डची मी इन्चार्ज. सोळा खाटा. वॉर्डात आम्ही नावं वापरत नाही. सात नंबरचं सलाईन संपलं, दोन नंबर जेवली नाही, असं बोलतो. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हौसेने नावं पाठ करतात, मग सोडून देतात. माणसं चार दिवसांनी बदलतात, नंबर तेच राहतात. लोकांना हे ऐकून कसंसंच होतं, पण मला त्यात वाईट वाटत नाही. माझं नाव हिरा, पण एकोणीस वर्षं मी तरी कुठे हिरा आहे? मी 'ओ सिस्टर' आहे.


८ जानेवारी, बुधवार

अकरा नंबरला नवीन पेशंट. सोजरबाई. साखर चारशेच्या वर, पायाला जखम. सूसकडच्या आहेत. त्यांचं गाव आता महापालिकेत आलंय, शेताच्या जागी इमारती झाल्यात. बरोबर दोन सुना, एक मुलगी, एक जाऊ आणि वाळूच्या ट्रकवर असतं तसं झगमगीत लिहिलेल्या गाडीतून आलेले तीन पुरुष. मी म्हटलं, "पेशंट एकच आहे ना? बाकीच्यांनी बाहेर थांबा." सगळे गेले. बाई मात्र हसल्या.

"तुझं नाव काय हाय गं?"

"सिस्टर म्हणा."

"सिस्टर तर समद्याच हायेत. आईबापानं काय ठेवलंय?"

मी सांगितलं. संध्याकाळी इन्सुलिन सुरू केलं. निघताना त्यांनी हाक मारली, "हिरा, उद्या येणार न्हवं तू?" मी हो म्हणाले. जिना उतरताना लक्षात आलं की मी हसत होते. एवढ्याशा गोष्टीला हसणं काही ठीक नाही.


१० जानेवारी, शुक्रवार

वॉर्ड भरलेला. मेट्रनबाईंनी राउंडला तीन गाद्यांवर बोट ठेवलं, एकीवर डाग, बाकी दोहोंवर सुरकुत्या. "सिस्टर, चादरी अंथरल्यात का फेकल्यात?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

चौदा नंबर खिडकीजवळची. विमलाबाई, वय सहासष्ट, न्यूमोनिया, आता बरी आहे. येरवड्यात मुलाकडे राहते. मुलगा रांजणगावला कारखान्यात, येतो म्हणून सांगतो आणि येत नाही. ती काही मागत नाही. जेवण आलं की जेवते, नाही आलं तर विचारत नाही. भरती झाली त्या दिवशी मी तिला खोकल्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, "मले आता बरं हाय." मी लगेच ओळखलं. आमच्याकडची आहे, वाशीम नाहीतर मंगरूळपीर. मी ओळख दिली नाही.

का दिली नाही, ते इथे लिहायला हरकत नसावी. मी रिसोडहून पुण्यात आले त्या आठवड्यात नर्सेसच्या होस्टेलच्या जेवणघरात 'मले भाजी द्या' म्हणाले, तर अख्खी पंगत हसली. वर्षभर मुली मला 'मले' म्हणायच्या. मी तोंड मिटून ऐकत राहिले आणि शिकले. आता लोक मला विचारतात, तुम्ही मूळच्या पेठेतल्याच का. इतक्या मेहनतीने मिळवलेलं एका पेशंटपायी कोण घालवील?

दुपारी नागोरावचा, माझ्या भावाचा, फोन आला. त्याच्या मुलीचं ठरलंय. मी गॅलरीत जाऊन बोलले. त्याच्याशी आमचंच बोलणं तोंडात येतं, त्याला इलाज नाही. तो म्हणाला, "तुले सुट्टी भेटत नसन तं राहू दे." मी अजून सुट्टीचं काही बोललेच नव्हते.


१२ जानेवारी, रविवार

सुट्टी असूनही वॉर्डात चक्कर टाकली. स्टोअरचा हिशेब राहिला होता, असं मुलींना सांगितलं. खरं म्हणजे सोजरबाई काल म्हणाल्या होत्या, "उद्या सून मटकीची उसळ आणणार हाय, तू ये." आले तर त्यांनी सुनेला माझी ओळख करून दिली, "ही आपली हिरा." आपली म्हणाल्या. मी उसळ खाल्ली. वॉर्डात पेशंटच्या घरचं खायचं नाही हा माझाच नियम. मुलींनी पाहिलं, बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक.


१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आजचा दिवस छान गेला. बऱ्याच वर्षांनी असं लिहितेय.

सकाळपासून सोजरबाईंकडे माणसं. तिळगूळ, हलवा, नातीला काळं झबलं. अकरा नंबर दाराशी आहे, सगळी वाट अडली. औषधांची ट्रॉली जाईना. सोजरबाई म्हणाल्या, "हिरा, मला त्या खिडकीपाशी टाक की. जरा उजेड दिसंल, आन् माणसं बी तिकडं मावतील." विचार चांगलाच होता. चौदा नंबरच्या बाजूला गॅलरीचं दार आहे, ऐसपैस जागा आहे. शिवाय न्यूमोनियावाल्या बाईला खिडकीचा वारा तसाही बरा नाही. हे मी अदलाबदल झाल्यावर मनात म्हटलं, आधी नाही, पण खरंच आहे ते.

मी विमलाबाईंना म्हटलं, "आजी, तुम्हाला तिकडं हलवतोय." त्या म्हणाल्या, "मले कोठीबी चालते." आपली पिशवी, पाण्याची बाटली स्वतःच उचलली आणि अकरावर जाऊन बसल्या. पावणेदोन वाजले होते. खाटेला अडकवलेल्या फायली बदलायच्या होत्या, पण सोजरबाईंची सून म्हणाली, "सिस्टर, फोटो." सगळ्यांत मला मधे उभं केलं. सोजरबाईंनी माझ्या तोंडात तिळगूळ घातला. मग दोन वाजले.

दुपारच्या ड्युटीला ऋतुजा आली. कॉन्ट्रॅक्टवरची मुलगी, चोवीस वर्षांची, हुशार आहे पण मोबाईल फार. आठवडाभर ती दुसऱ्या मजल्यावर होती, आजच परत आली. तिला ओव्हर दिली. म्हणजे वॉर्ड तिच्या ताब्यात दिला. खरं तर ओव्हर खाटेखाटेशी उभं राहून द्यायची असते. आज टेबलाशीच दिली, पाच मिनिटांत. 'अकराला सातच्या आधी इन्सुलिन', 'चौदा आता तोंडाने गोळ्यांवर', वगैरे. नेहमीचंच.

घरी येताना मंडईतून हलवा आणला. फोटो सुनेने पाठवला आहे. मी चांगली दिसतेय त्यात.


१५ जानेवारी, बुधवार

लिहायला नको असं वाटतंय, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काल सात वाजता ऋतुजाने अकरा नंबरला इन्सुलिन दिलं. अकरा नंबरवर विमलाबाई होत्या. ऋतुजा म्हणाली, "आजी, पोटात इंजेक्शन आहे." त्यांनी पदर बाजूला केला. त्यांना मधुमेह नाही. जेवल्याही नव्हत्या, भूक नाही म्हणून ताट तसंच होतं. पावणेआठला ऋतुजानेच पाहिलं की बाई घामाने भिजल्यात आणि हाकेला ओ देत नाहीत. तिने साखर तपासली, अडतीस. लगेच शिरेतून ग्लुकोज लावलं, डॉक्टरांना बोलावलं, आयसीयूत हलवलं. तिने पाहिलं नसतं तर. हे वाक्य मला पुढे लिहिता येत नाही.

सोजरबाई इन्सुलिनवाचून रात्रभर खिडकीशी झोपल्या. त्यांना काही झालं नाही.

सकाळी आले तेव्हा मेट्रनबाई टेबलाशीच बसल्या होत्या. "सिस्टर, खाटा कधी बदलल्या?" मी म्हटलं, "काल दुपारी." "सांगितलं होतं तिला?" मी म्हटलं, "ओव्हरच्या रजिस्टरमध्ये असेल." त्या उठून आयसीयूत गेल्या. रजिस्टर माझ्या कपाटात होतं.

काल मी सही केली तेव्हा वर दोन ओळी मोकळ्या राहिल्या होत्या. मी नेहमी सोडते. एखादी गोष्ट आठवली तर लिहिता यावी म्हणून. आठवलीच ना. 'बेड ११ व १४ अदलाबदल केली आहे. तोंडी सांगितले.' तेच निळं पेन, तेच अक्षर. मी काही खोटं लिहिलं नाही, अदलाबदल तर झालीच होती.

'तोंडी सांगितले' हे मात्र खोटं आहे.


१६ जानेवारी, गुरुवार

मेट्रनबाईंच्या खोलीत ऋतुजा रडत होती. त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाहेर बाक आहे. इथे काय झालं ते सांगायचं."

ऋतुजा माझ्याकडे वळली. "सिस्टर, आय स्वेअर, तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात अकराला इन्सुलिन. सांगितलं होतंत का? मला आठवतच नाहीये. मीच विसरले का?"

ती शेवटचं वाक्य बोलली नसती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "घाईत होतो आपण." ना हो, ना नाही. मेट्रनबाईंनी रजिस्टर उघडून ती ओळ तिच्यापुढे धरली. तिने ती वाचली. "सॉरी," म्हणाली. मला म्हणाली.

तिला घरी बसायला सांगितलंय. शुक्रवारी, म्हणजे चोवीसला, समिती बसणार. कॉन्ट्रॅक्ट जाणार हे नक्की, आणि कागदावर असं कारण आलं तर दुसरीकडेही कोणी घेणार नाही. पेशंटचं नाव विचारलं नाही ही तिची चूक आहेच. मी हे दिवसभर स्वतःला सांगत होते.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. माझं लग्न अकरा महिने टिकलं, नंतर अकोल्याला नर्सिंग केलं, नंतर हा वॉर्ड. एवढंच आहे. हा वॉर्ड गेला तर सकाळी सहाला उठून मी काय करणार?


१७ जानेवारी, शुक्रवार

सोजरबाईंना आज घरी सोडलं. दोन गाड्या आल्या होत्या. डॉक्टरांना शाल, मुलींना पेढे. अदलाबदलीचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या बिचारीला उगाच सुई टोचली म्हणं. पोरींचं ध्यान नसतं आजकाल." मी त्यांच्या पायाची पट्टी शेवटची बदलली आणि बांधत राहिले, लागते त्यापेक्षा जास्त वेळ.

निघताना त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. झाडूवाल्या मावशींना नावाने, रात्रीच्या सिस्टरला नावाने. मला म्हणाल्या, "येते गं मीरा." सुना घाई करत होत्या, त्यामुळे झालं असेल.

चौदा नंबर रिकामी आहे. मावशींनी पुसून घेतली.


१८ जानेवारी, शनिवार

विमलाबाई शुद्धीवर आहेत, बोलतात. आयसीयूबाहेर त्यांचा मुलगा बसला होता. संतोष. कारखान्याच्या निळ्या शर्टातच होता, रात्रपाळी करून थेट आलेला. त्याला सांगितलंय की साखर अचानक उतरली. मी त्याच्याशी जरा कडकच बोलले. कुणावर तरी चिडायला मला बरंच वाटत होतं. म्हटलं, "आई दहा दिवस इथे आहे. तुम्ही एकदाही आला नाहीत."

तो उभा राहिला. "मॅडम, मी सुट्टी टाकनार होतो. मायच म्हने, येऊ नोको. म्हने, इथं आपल्याकडची एक पोरगी हाय, मोठी सिस्टर हाय, ते सांगत नाही पन मी तिले फोनवर बोलतानी आयकलं. म्हने, ते असल्यावर मले घरच्यासारखं वाटते, तू आपली डिवटी कर." मग त्याने विचारलं, "मॅडम, ते सिस्टर कोन हायेत? त्यायले भेटाचं होतं."

मी म्हटलं, "आज नाहीत त्या."

खिडकीला लागूनच गॅलरी आहे. नागोरावशी मी तिथेच उभं राहून बोलले होते. दहा तारखेपासून ती बाई मला ओळखत होती आणि मी तिच्याकडे पाहतही नव्हते. मी हलवते म्हणाले तर पिशवी उचलून उठली, कारण आपल्या पोरीने सांगितलं होतं. तिच्या ताटाकडे माझं लक्ष कधी गेलं नाही. तिला माझं नाव माहीत आहे का, हेही मला माहीत नाही.

ड्युटी संपल्यावर चालत लकडी पुलापर्यंत गेले आणि परत आले. खूप रडले. रस्त्यात रडलं तर पुण्यात कोणी विचारत नाही, ते एक चांगलं आहे.


२० जानेवारी, सोमवार

विमलाबाईंना वॉर्डात परत आणलं. त्यांना चौदावर, खिडकीशीच ठेवलं. दुपारी मावशी जेवायला गेल्या तेव्हा स्टूल ओढून बसले. स्टुलावर मी कधी बसत नाही. इन्चार्ज बसली की मुली बसतात.

बोलायला तोंड उघडलं आणि पुण्याचं बोलणं येईचना. होस्टेलच्या पहिल्या आठवड्यातल्यासारखी अडखळले. म्हटलं, "माय, मी रिसोडची. तुले सुई लागली ना, ते मायामुळं लागली. मी खाट बदलली, आन् त्या पोरीले सांगतलंच नाही. आन् मंग वहीत लिहून ठेवलं का सांगतलं होतं म्हनून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. मला राग हवा होता.

"कोनाले सांगतलं हे?"

"कोनाले नाही."

त्यांनी सलाईनच्या सुईने काळ्यानिळ्या झालेल्या हाताने माझा हात धरला. "मंग सांगू नोको. तुयी नवकरी जाईन. एकटी बाई तू, परक्या गावात रायतं. मी तं चांगली झाली ना आता. ते पोरगी लहान हाय, तिले कोठी ना कोठी भेटनच. तू गप रायजो, मायी शपथ हाय."

मी एकटी आहे हे त्यांना कोणी सांगितलं? मी कधीच बोलले नव्हते. दिसतं बहुतेक.

मग त्या म्हणाल्या, "जेवली का तू?" मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी गप्प राहू शकले असते, असं आता वाटतंय. शिव्या खाऊन हिशेब मिटला असता. जिचा जीव जाता जाता राहिला तीच मला झाकायला निघाली. ते पांघरूण अंगावर घेऊन मला रोज वॉर्डात उभं राहता येणार नाही. आणि ऋतुजाही कुणाची तरी पोरगी आहे, परक्या गावात राहते. तिला कुठे ना कुठे मिळेल, हे मीही पाच दिवस म्हणतच होते.


२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी आठला मेट्रनबाईंकडे गेले. रजिस्टर टेबलावर ठेवलं. म्हटलं, "ही ओळ मी दुसऱ्या दिवशी लिहिली. ऋतुजाला मी काही सांगितलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कळतंय का तुम्हाला, काय बोलताय ते?"

"कळतंय."

"चूक सगळ्यांकडून होते, सिस्टर. मी स्वतः एकदा दोन बाळांच्या मनगटावरच्या नावाच्या पट्ट्या उलट बांधल्या होत्या, पाच मिनिटांत लक्षात आलं म्हणून वाचले. चुकीला मी वाचवलं असतं तुम्हाला. पण ही ओळ." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, चादरीच्या डागावर ठेवतात तसं. "हिला मी काही करू शकत नाही."

मी लेखी द्यायला बसले. सगळं लिहिलं, तिळगूळ आणि फोटोसकट. त्या म्हणाल्या, "फोटोची गरज नाही." मी म्हटलं, "आहे." आणि पेशंटच्या रकान्यात बेड नंबर लिहिला नाही, विमलाबाई लिहिलं. पुढे आडनाव लिहायला फाईल उघडावी लागली. तेरा दिवसांत मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

विमलाबाईंची शपथ मोडली. त्यांना सांगितलं नाही.


२४ जानेवारी, शुक्रवार

समितीला वीस मिनिटं लागली. एकोणीस वर्षांना वीस मिनिटं, ठीकच आहे. मी राजीनामा द्यायचा, म्हणजे कागदावर तेवढंच राहील, असं मेट्रनबाईंनी भांडून मिळवलं, असं नंतर कळलं. माझ्याशी त्या तसं काही बोलल्या नाहीत. ऋतुजाला ताकीद दिली आणि आजपासूनच कामावर घेतलं.

वॉर्डात कपाट रिकामं करायला गेले. एक डबा, एक स्वेटर, जादा चपला, सहा पेनं. ऋतुजा ड्युटीवर होती. तिने माझ्याकडून किल्ली घेतली, रजिस्टरमध्ये सही करायला लावली. मी म्हटलं, "ऋतुजा, मी फार वाईट केलं तुझ्याशी." ती म्हणाली, "हो सिस्टर." एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, आणि म्हणायला हवं होतं असंही मला वाटत नाही. मी तिला पाच दिवस वेडी ठरवलं होतं.

विमलाबाईंनाही आजच सोडत होते. संतोष खाली रिक्षा आणायला गेला होता. ऋतुजाने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, पायावर शाल टाकली आणि खुर्ची ढकलत दाराशी आणली. मी पिशवी धरली. त्यांची आणि माझीही.

लिफ्टमध्ये विमलाबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ऋतुजा मागेच उभी होती, पण त्यांना कोण कुठली ऋतुजा हे ठाऊक नव्हतं. सुई टोचणाऱ्या मुलीचा चेहरा त्यांनी त्या रात्री पाहिलाच नसावा. हळूच म्हणाल्या, "नाही ना सांगतलं कोनाले?"

ऋतुजाचे हात खुर्चीच्या दांड्यावर होते. ती समोर लिफ्टच्या दाराकडे पाहत राहिली.

"नाही सांगतलं," मी म्हटलं.

"बरं केलं व माय. नवकरी हाय ना मंग?"

"हाय."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला, छातीत घरघर नाही असा स्वच्छ. नर्स म्हणून मला तो ऐकू आला. ऋतुजाही ऐकत असणार. ती म्हणाली, "आजी, आता पायरी आहे, खुर्ची जरा हलेल," आणि खुर्ची सांभाळून उतरवली.

रिक्षात बसताना त्यांनी संतोषला सांगितलं, "हेच ते." संतोष माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याचे खांदे धरून त्याला उभं केलं, पडू दिलं नाही. विमलाबाई म्हणाल्या, "जाय आता आतमंधी, तुयी डिवटी असन." म्हणून मी वळले आणि आत गेले. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत औषधांच्या दुकानाच्या रांगेत उभी राहिले. मग बाहेर आले.

पावणेदोन वाजले होते. ओव्हर द्यायची वेळ.